उंदीर, प्लेग आणि गणित : इंदूरच्या एका मिरवणुकीच्या निमित्ताने

१९१७ सालच्या दिवाळीत इंदूर शहरातून एक अपूर्व मिरवणूक निघाली. होळकरांच्या राजधानीला मिरवणुकांचे नावीन्य मुळीच नव्हते. सणावारांच्या मिरवणुका ठरलेल्या वाटांनी जात आणि त्या वाटा कोणत्या हे शहरातील पोराटोरांनाही ठाऊक असे. या खेपेस मात्र दवंडी अशी फिरली की मिरवणुकीचा मार्ग आधी सांगितला जाणार नाही; ज्या आळ्यांतील घरे सर्वांत अधिक स्वच्छ व डागडुजी केलेली आढळतील, त्या आळ्यांतून ती जाईल. ही युक्ती तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबाराने नगररचनेच्या सल्ल्यासाठी पाचारण केलेल्या पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश पंडिताची होती. हे गृहस्थ त्या कामापुरते एक दिवसाचे ‘महाराज’ झाले होते, अशी आख्यायिका पुढे त्यांच्याच तोंडून पसरली.

मिरवणुकीत धनधान्याची शोभा होती, अक्राळविक्राळ राक्षस होते, डासाची प्रतिमा होती आणि प्लेगचा एक प्रचंड उंदीरही होता. त्यामागून स्वच्छ पांढरी वस्त्रे ल्यालेले शहराचे सफाई कामगार चालत होते आणि त्यांच्या झाडूंना फुलांच्या माळा घातल्या होत्या. शेवटी नगरदेवतेची स्वारी होती. त्या दिवसांत घराघरांतून आणि परसांतून सहा हजारांहून अधिक गाड्या कचरा निघाला व उंदीरही हजारोंनी पकडले गेले, असे गेडीस सांगत. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांच्या झाडूला त्या दिवशी राजरस्त्यावर हार पडला, ही गोष्ट प्लेगच्या इतिहासाइतकीच शहराच्या सामाजिक इतिहासातही नोंदण्याजोगी आहे.

गेडीस यांचे नाव आज नगररचनाकार म्हणून घेतले जाते. परंतु ते मुळात प्राणी आणि वनस्पती यांचे अभ्यासक होते. लंडनला टी. एच. हक्सले यांच्या हाताखाली ते शिकले. तरुणपणी मेक्सिकोत असताना दृष्टी अधू झाल्यामुळे सूक्ष्मदर्शकावरील काम त्यांना सोडावे लागले. नाहीतर हा मनुष्य इंदूरच्या गल्ल्यांतून कदाचित कधीच हिंडला नसता. डंडी येथे त्यांनी तीस वर्षे वनस्पतिशास्त्राचे अध्यापक म्हणून नाव मिळवले. १९१७ या एकाच वर्षात त्यांचा थोरला मुलगा फ्रान्सच्या रणांगणावर पडला आणि पत्नी भारतातच आजारपणात निवर्तली. त्या दुःखातच इंदूरचे काम झाले. १९१८ साली दोन खंडांत छापल्या गेलेल्या त्यांच्या अहवालात शहराची घरे, विहिरी, खान आणि सरस्वती या नद्या, बागा, इतकेच नव्हे तर मध्य भारतासाठी एका विद्यापीठाची कल्पनाही सविस्तर मांडलेली आहे.

पण त्या दिवाळीने एक प्रश्न मागे ठेवला. उंदीर पकडल्याने उंदीर कमी होतात काय? प्रश्न बाळबोध वाटतो. त्याचे उत्तर शोधताना विसाव्या शतकातील गणिताने एक स्वतंत्र शाखाच उभी केली. त्या शाखेची काही मुळे हिंदुस्थानच्या मातीत, आणि विशेषतः मुंबईच्या चाळींत, रुजलेली आहेत. ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी परिचित नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या तापाचे निदान केले आणि प्लेगचे पर्व सुरू झाले. पुढच्या वर्षी पुण्यात काय घडले ते महाराष्ट्राला सांगावयास नको. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. सैनिकांनी घरे तपासली, माणसे छावण्यांत नेली, सामान जाळले. आणि एवढे करूनही साथ हटली नाही, कारण सरकारचे सारे लक्ष माणसांवर होते. खेड्यापाड्यांतील बायाबापड्यांना मात्र एक गोष्ट आधीच कळून चुकली होती : घरात उंदीर पडू लागले की गाव सोडावे. ‘उंदीर पडणे’ हा शब्दप्रयोगच त्या काळात मृत्यूची पूर्वसूचना होऊन बसला. शास्त्राला ही गोष्ट निर्विवादपणे सिद्ध करण्यास १९०५ साली नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाची वाट पाहावी लागली. परळच्या प्रयोगशाळेच्या आवारात या आयोगाने मुद्दाम झोपड्या बांधल्या, त्यांत निरनिराळ्या उंचीवर गिनीपिगांचे पिंजरे टांगले आणि पिसू जेथवर पोचते तेथवरच रोग पोचतो हे दाखवून दिले. शहरभरातून हजारो उंदीर गोळा करून त्यांची चिरफाड झाली. साथ प्रथम मोरीतल्या तपकिरी उंदरांत, मग घराच्या माळ्यावरच्या काळ्या उंदरांत आणि त्यानंतर माणसांत पसरते, असा क्रम नजरेस आला. माणसाचा प्लेग म्हणजे उंदरांच्या प्लेगची पडछाया, हे त्यातून ठरले.

आता गणिताकडे वळावयास हरकत नाही. अँडरसन ग्रे मॅकेंड्रिक हा एडिंबरोचा तरुण डॉक्टर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाला होता. १९०१ साली मलेरियाच्या मोहिमेवर तो रोनाल्ड रॉस यांच्याबरोबर सिएरा लिओनला गेला. रोगाचा प्रसार आकड्यांत पकडता येतो, हा ध्यास त्याला रॉस यांच्या सहवासात लागला. पुढे कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये कुत्रा चावलेल्यांवर उपचार करीत असतानाच त्याने फावल्या वेळात गणिताची साधना केली. १९२० साली प्रकृती ढासळल्यामुळे तो मायदेशी परतला आणि एडिंबरोच्या एका प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. १९२६ साली त्याचा जो निबंध प्रसिद्ध झाला, तो अनेक वर्षे कोणी फारसा वाचला नाही. आज तो पायाभूत मानला जातो.

त्या निबंधातील एक उदाहरण येथे दिल्यावाचून राहवत नाही. हिंदुस्थानातील एका खेड्यात पटकीची साथ आली. २२३ घरांपैकी १६८ घरांत एकही रुग्ण नव्हता. ३२ घरांत एकेक, १६ घरांत दोन-दोन, ६ घरांत तीन-तीन आणि एका घरात चार रुग्ण होते. एवढ्या आकड्यांवरून मॅकेंड्रिकने हिशेब मांडला की रोगाचा संसर्ग पोचण्याचा संभव सुमारे ९३ घरांनाच होता. बाकीच्या घरांचा साथीशी संबंधच आला नव्हता. यावरून त्याने तर्क केला की गावात विहिरी अनेक असाव्यात आणि ही ९३ घरे दूषित झालेल्या एकाच विहिरीचे पाणी भरत असावीत. स्थानिक चौकशीत तसेच आढळून आले. गावाची एकंदर लोकसंख्या घेऊन चालत नाही, तिच्या पोटातले विभाग ओळखावे लागतात, हा धडा या लहानशा कोष्टकात आहे.

हाच विचार त्याने वयाला लावला. प्राण्यांची संख्या हा एकच आकडा धरला तर हजार उंदीर म्हणजे हजार उंदीर. पण त्यांतील नऊशे पिले असली तर पुढच्या महिन्याचे भवितव्य एक, आणि नऊशे व्यायला आलेल्या माद्या असल्या तर अगदीच निराळे. मॅकेंड्रिकचे समीकरण शब्दांत असे सांगता येईल : पंचांगातला एक दिवस सरला की प्रत्येक जिवंत प्राण्याचे वयही नेमके एक दिवसाने वाढते; त्या त्या वयाच्या गटातून त्या दिवशी मेलेले वजा करावे; आणि शून्य वयाच्या रांगेत सर्व वयांच्या माद्यांना झालेली पिले जमा करावीत. शाळेतील इयत्तांची उपमा येथे जुळते. दर जून महिन्यात प्रत्येक इयत्ता एक पायरी वर सरकते, काही मुले गळतात, आणि पहिलीच्या वर्गात नवी भरती होते. फरक इतकाच की या शाळेत पहिलीत किती मुले येणार हे वरच्या वर्गांतील पटसंख्येवरच ठरते. यात अवघड असे काही नाही. पण कालमान आणि वय हे दोन प्रवाह एकाच समीकरणात बांधले गेल्यामुळे प्राणिसंख्येला प्रथमच ‘रचना’ प्राप्त झाली. १९५९ साली हाइन्झ फॉन फर्स्टर यांनी पेशींच्या अभ्यासात तेच समीकरण पुन्हा मांडले, म्हणून आज ते दोघांच्या नावाने ओळखले जाते.

१९४५ साली ऑक्सफर्डच्या पॅट्रिक लेस्ली यांनी हीच कल्पना कोष्टकाच्या रूपात आणली : उभ्या-आडव्या रकान्यांत वयोगटानुसार जननाचे आणि जगण्याचे प्रमाण लिहावे, त्याने आजच्या संख्येला गुणावे, की पुढच्या कालखंडाची संख्या मिळते. लेस्ली ज्या संस्थेत काम करीत, तिच्याकडे दुसऱ्या महायुद्धात धान्य वाचवण्यासाठी उंदरांच्या बंदोबस्ताचे काम आले होते. त्यांनी सहकाऱ्यांसह १९५२ साली तपकिरी उंदरांची प्रजननक्षमता व वयोरचना यांवर निबंध लिहिला तोही धान्याच्या गंजींत राहणाऱ्या उंदरांवर. गणिताची ही शाखा अशी पुनःपुन्हा धान्यापाशी आणि उंदरापाशी येते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

स्थिरतेचा प्रश्न याच ठिकाणी उपस्थित होतो. वाटीच्या तळाशी ठेवलेली गोटी बोटाने ढकलली तर ती पुन्हा तळाशी येते. पालथ्या वाटीच्या माथ्यावर ठेवलेली गोटी ढकलली तर परत येत नाही. दोन्ही ठिकाणी गोटी प्रथम स्वस्थच होती, पण दोन स्वस्थतांत जमीनअस्मानाचा फरक आहे. एखाद्या वस्तीतील उंदरांची संख्या वर्षानुवर्षे साधारण सारखी राहते, म्हणजे प्रत्येक मादीमागे सरासरीने एकच मादी मोठी होऊन तिची जागा घेते. हा समतोल पहिल्या प्रकारचा की दुसऱ्या, हे पारखणे म्हणजे त्याच्या स्थिरतेची परीक्षा.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा, एका पेठेतील कणग्या, उकिरडे आणि मोऱ्या मिळून हजार उंदीर पोसू शकतात. आणि अन्न-जागा मुबलक असेल तर उंदरांची संख्या महिन्याला शेकडा चाळीसने वाढते. जागा भरत येईल तशी ही वाढ त्याच प्रमाणात मंदावते. पालिकेने पिंजरे लावून निम्मे उंदीर मारले. उरले पाचशे. महिन्याभरात ते सहाशे होतात, मग सुमारे सातशे, मग सातशे ऐंशी, साडेआठशे, आणि पाचव्या महिन्याच्या अखेरीस नऊशे. मेलेल्या पाचशेंपैकी चारशे भरून निघाले! गर्भावस्था जेमतेम तीन आठवड्यांची आणि दोन-तीन महिन्यांत पिलू वयात येते, अशा प्राण्याच्या बाबतीत ही गती अवास्तव नाही. याउलट एकही पिंजरा न लावता धान्य बंदिस्त केले, उकिरडे उचलले आणि पेठेची पोसण्याची शक्ती निम्म्यावर आणली, तर संख्या आपोआप पाचशेकडे उतरते आणि तेथेच राहते. पहिल्या उपायाने गोटी ढकलली जाते. दुसऱ्याने वाटीच हलवली जाते.

वयोरचना लक्षात घेतली की पिंजऱ्याची बाजू आणखी लंगडी पडते. जाणता उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. पिंजऱ्यात सापडणाऱ्यांत अननुभवी तरुणांची भरती अधिक असण्याचा संभव असतो, आणि त्यांतील कित्येक एरवीही उपासमारीने किंवा मांजराच्या तोंडी मेलेच असते. ज्या वयाच्या मादीपासून पुढची प्रजा सर्वाधिक वाढायची, ती बिळातच सुखरूप. प्रत्येक वयाला भावी वंशवृद्धीच्या दृष्टीने एक वेगळे ‘मोल’ असते, हे आर. ए. फिशर यांनी १९३० साली गणिताने दाखवले होते. मेलेल्या उंदरांच्या शेपट्या मोजून बक्षीस देणाऱ्या योजना सर्व शेपट्यांना एकच भाव देतात, आणि तेथेच फसतात.

अर्थात प्रत्येक समतोल इतका सरळ परतीचा नसतो. आज झालेली गर्दी आजच्या जन्मांवर परिणाम करते, पण तिचे फळ पिले वयात आल्यावर दिसते. हा विलंब फार झाला तर संख्या समतोलावर येऊन थांबत नाही. ती ओलांडून पुढे जाते, मग मागे कोसळते, आणि हे हेलकावे चालूच राहतात. ऑस्ट्रेलियातील ए. जे. निकल्सन यांनी १९५० च्या दशकात पिंजऱ्यात पाळलेल्या माश्यांवर हे प्रत्यक्ष दाखवले : अन्न दररोज नेमके तेवढेच, तरी माश्यांच्या संख्येला नियमित भरती-ओहोटी. गर्दीचा परिणाम वयोरचनेच्या समीकरणात घालून समतोल कधी टिकतो आणि कधी मोडतो, याचा पद्धतशीर सिद्धांत गर्टिन आणि मॅक्कॅमी यांनी १९७४ साली मांडला. त्यानंतर या विषयावर निघालेले वाङ्मय एखाद्या ग्रंथालयाचे दालन भरून टाकील एवढे आहे.

मॅकेंड्रिकचे सर्वांत गाजलेले काम मात्र यानंतरच्या वर्षीचे. १९२७ साली विल्यम कर्मॅक या सहकाऱ्याबरोबर त्याने साथीच्या रोगांचा गणिती सिद्धांत प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेतील अपघातात कर्मॅक यांची दृष्टी तीन वर्षांपूर्वीच गेली होती. सारे गणित ते मनात करीत. या निबंधात ताळ्यासाठी घेतलेले आकडे मुंबईचे आहेत : १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातील प्लेगचे आठवडेवार मृत्यू. सूत्रातून निघालेली घंटेच्या आकाराची रेघ प्रत्यक्ष आकड्यांच्या ठिपक्यांतून इतकी सुरेख जाते की जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ती आजही छापली जाते. सूत्राप्रमाणे कळस एप्रिलच्या मध्यास, आठवड्याला ८९० मृत्यूंवर. आणि सबंध साथीचे मृत्यू सुमारे ८,९००.

या आकृतीने गणिताला मोठी प्रतिष्ठा दिली, पण इतिहासाची थोडी दिशाभूलही केली, असे म्हणावे लागते. सिद्धांताचा गाभा असा की बाधा होऊ शकणारी माणसे एका मर्यादेखाली घटली की साथ आपोआप विझते. मुंबईची वस्ती त्या वेळी पावणेदहा लाखांच्या घरात होती. तिच्यातून शेकड्यात एकाहूनही कमी माणसे दगावली. तेवढ्याने सबंध शहराची ‘बाधा होऊ शकणारी’ माणसे संपली असे कोण मानील? शिवाय ही साथ दरसाल हिवाळ्याच्या अखेरीस चढे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी उतरे. वर्षानुवर्षे तीच चाल. उतरण्याचे कारण माणसांत नव्हते. ते उष्ण हवेत न तगणाऱ्या पिसवांत आणि मरून विरळ झालेल्या उंदरांत होते. आपली गृहीतके पुरती खरी नाहीत आणि समीकरण ठोकळ आहे, हे निबंधकारांनी स्वतः प्रामाणिकपणे लिहून ठेवले होते. पुढच्या पाठ्यपुस्तकांनी रेघ उचलली आणि कबुली गाळली. ज्या मनुष्याने एकच वर्ष आधी प्राणिसंख्येला रचना दिली, त्याच्या हातून मुंबईच्या प्लेगमध्ये उंदरालाच स्वतंत्र रकाना मिळाला नाही, याला दैवदुर्विलास म्हणावे की त्या काळातील गणनेच्या साधनांची मर्यादा? बहुधा दुसरेच खरे. २०१२ साली फ्रान्सचे निकोला बाकाएर यांनी तेच जुने आकडे पुन्हा हाती घेतले आणि उंदीर, पिसवा व ऋतू यांना हिशेबात त्यांच्या जागा दिल्या.

इंदूरच्या दिवाळीने प्लेग हटला का, याचा निकाल त्यामुळे एकट्या मिरवणुकीवरून लावता येत नाही. प्लेगची साथ स्वतःच्या ऋतुक्रमानेही ओसरते. हजारो उंदीर पकडले गेले तरी ते किती महिन्यांत भरून निघाले याची मोजदाद कोणी केली नाही. उलट ऐन साथीत नुसते उंदीर मारणे धोक्याचे असते, कारण यजमान मेला की पिसवा माणसाकडे वळतात. म्हणून आज प्रथम पिसवांचा आणि मग उंदरांचा बंदोबस्त करण्याची रीत आहे. पण त्या दिवाळीत जे कचऱ्याच्या गाड्यांनी घडले, ते पिंजऱ्यांनी घडण्याजोगे नव्हते. अमेरिकेत बाल्टिमोर शहरी १९४० च्या दशकात डेव्हिड डेव्हिस प्रभृतींनी गल्लीगल्लीतील उंदीर मोजले, तेव्हा हेच आढळले : विषाने घटलेली संख्या काही महिन्यांत पूर्ववत होते, वस्ती सुधारल्याने घटलेली घटलेलीच राहते. गेडीस यांनी हे समीकरणाने मांडले नाही. मात्र सरसकट घरे पाडून रुंद रस्ते काढण्याच्या तत्कालीन रूढीला विरोध करून, घर राखून त्यातील घाण, अंधार व अडगळ काढण्याचा जो आग्रह त्यांनी इंदूरच्या अहवालात धरला, तो जीवशास्त्रज्ञाचाच होता. पुढे १९२४ नंतर याच शहरात अल्बर्ट हॉवर्ड यांनी केरकचरा आणि शेण यांपासून खत करण्याची जी पद्धत सिद्ध केली व जी ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली, तिचा उंदरांशी थेट संबंध नाही. तथापि उकिरड्याचे शेतात रूपांतर करणे हे दोघांचेही स्वप्न होते.

वाटी हलली की काय होते, याचे उलट उदाहरण मराठवाड्याने पाहिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. भयाने आसपासच्या जिल्ह्यांतील अनेकांनी पक्की घरे सोडून बाहेर मुक्काम केला. घरांत साठवलेले धान्य तसेच राहिले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी प्रथम पिसवांचा उपद्रव, मग उंदीर पडू लागल्याच्या वार्ता आणि त्यामागोमाग गाठीचा ताप आल्याचे वृत्त आले. ओस घरांतील धान्यावर उंदीर माजले आणि त्यांचा रानातल्या उंदरांशी संपर्क आला, असा खुलासा तेव्हा जाणकारांनी केला. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसांच्या प्लेगची बातमी फुटली, लाखो लोक शहर सोडून पळाले आणि साऱ्या देशाचे लक्ष तिकडे गेले. बीडमध्ये त्या वेळी कीटकनाशकाची फवारणी चालू होती आणि गावकरी आपापल्या घरांतील धान्याच्या कोठ्या रिकाम्या करून उन्हात वाळवीत होते.